सहाव्या कप्प्यावरचा दिवा

लाइट येईपर्यंत बसा असेच. मोबाइल तेवढे खिशात टाका.

ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायची ना आसावरी, नागपूरची, तिच्यावर गुदरलेली. इथं महादेवपुऱ्यातच कंपनीत कामाला होती. भूतबीत मानणारी पोरगी नव्हे. अमावास्येला खुशाल केस धुवायची. तुमची काकू ओरडली की हसायची.

गेल्या माघातली अमावास्या, त्यात शनिवार. रात्री जेवणं आटोपल्यावर ती कॅबसाठी फाटकाशी येऊन थांबली.

"काका, पीण्याला जाऊन येते. एक डिस्क बदलायची आहे, बस."

पीण्यात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये तिच्या कंपनीची सर्व्हरची खोली होती. एका हॉस्पिटलचे सगळे स्कॅन तिथल्या आठ डिस्कवर. आठांचा मिळून एकच साठा. एखादी मेली तर उरलेल्या सात जणी तिचं आठवून सांगतात. पण एक मेलेली असताना दुसरी हातानं उपसली, की सगळाच कारभार आटोपला. त्यात बॅकअप आठवडाभर अडकलेला. आणि सकाळी एका बाईच्या मेंदूचं ऑपरेशन. तिचे स्कॅन त्याच आठवड्यातले.

गेटवर देवाप्पा रखवालदार, कानडी माणूस. त्यानं कुलूप काढून दिलं. "होगी अक्का, जा. आत थंडी आहे स्वल्प."

आत पंखे घोंघावत होते. आसावरीनं लॅपटॉप जोडला, काळ्या पडद्यावर कमांड दिली. यादी आली. पाच नंबरची डिस्क मेलेली. आता कपाटात पाच नंबरची नेमकी कुठली? त्यालाही कमांड असते. काढायच्या डिस्कच्या कप्प्यावर दिवा लुकलुकतो. तिनं ती दिली. दिवा लागला.

सहाव्या कप्प्यावर.

तिनं पुण्याच्या ध्रुवला फोन लावला. तो तिच्याच टीममधला. "अरे, लिस्टमध्ये पाच आहे आणि लाइट सहाव्यावर लागतोय."

"मशीन झिरोपासून मोजतं गं. म्हणजे सहावीच. काढ बिनधास्त."

पटण्यासारखं होतं. तिनं फोन ठेवला. सहाव्या कप्प्याच्या खटक्यावर अंगठा टेकवला.

"बेड."

बेड म्हणजे कानडीत नको. आवाज म्हाताऱ्या माणसाचा. कपाटाच्या मागून आलेला.

"कोण? देवाप्पा?"

तिला वाटलं, पंख्यांचाच आवाज. अंगठा पुन्हा खटक्यावर गेला, आणि पंखे थांबले. सगळे. एकदम.

ती खोली कधी गप्प होत नसते रे. वर्षानुवर्षं नसते. आता तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि कपाटामागं अनवाणी पावलं. सावकाश. फरशीला चिकटत, सुटत. कपाटाची मागची दारं जाळीची. जाळीपलीकडं कुणी दिसत नव्हतं. पावलं मात्र जवळ आली. थांबली. अगदी समोर.

"बेड, अक्का... अदरल्ली जीव इदे."

तिला कन्नड बेताचंच येत होतं. पण एवढं कळलं. तिच्यात जीव आहे.

पंखे पुन्हा सुरू झाले.

पळून जावं असं तिला वाटलं. मला तिनं तसं सांगितलं. पण सकाळी टेबलावर निजणारी ती बाई डोळ्यांपुढं आली. तिनं दुसरी कमांड दिली. सगळ्या डिस्क एकदम वाचायला लावल्या. जिवंत डिस्कचा हिरवा दिवा अशा वेळी फडफडतो. मेलेलीचा नाही.

सहावी फडफडत होती.

शेजारची... काळी ठिक्कर.

तिनं पाचवी उपसली. पाठीवरचा नंबर पडद्याशी ताडून पाहिला. तीच. यादी एकपासून मोजत होती, दिव्याची कमांड तेवढी शून्यापासून. नवी डिस्क बसवली. बाकीच्या सात जणी तिला आठवून आठवून भरू लागल्या. एक टक्का. दोन टक्के. आसावरी भिंतीला पाठ लावून खाली बसली. कपाटाकडं बघायची हिंमत नव्हती. फक्त पडद्यावरचा आकडा बघत राहिली. मागं पुन्हा पावलं वाजली नाहीत. पण तिथून कुणी गेल्याचाही आवाज आला नाही.

उजाडता उजाडता भरणं पुरं झालं. स्कॅन उघडून पाहिले; सगळे शाबूत. तिनं हॉस्पिटलला कळवलं आणि बाहेर आली.

"देवाप्पा, आत अजून कोण होतं रात्री?"

"कोण असणार, अक्का? किल्ली माझ्याजवळ. तुम्ही एकट्याच."

"एक म्हातारे होते. 'बेड' म्हणाले मला..."

देवाप्पानं किल्ली मुठीत घेतली. मग म्हणाला, "सरी, बरं. चला, बघू."

दाराशी त्यानं चपला काढून ठेवल्या. देवळाबाहेर काढतात तशा. आसावरीनं का म्हणून विचारलं. "इथंच वारलेले कारखान्याचे म्हातारे मिस्त्री यंत्रांपाशी अनवाणीच जायचे, अक्का," म्हणत तो मान खाली घालून आत गेला.

खोलीत कुणी नव्हतं. पंखे घोंघावत होते. दोघं कपाटापाशी आले.

यंत्रांना हळदकुंकू लावतात खंडेनवमीला. तो सण होऊन महिने लोटले होते.

सहाव्या डिस्कच्या कडीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

आसावरीनं हात लावला.

ओलं होतं.