फेट्याच्या खोलीतली सावली

चार्वीचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले, तरी अनंतरावांनी उत्तर पाठवलं नव्हतं. चंद्रावरच्या वसाहतीतल्या शाळेत मुलांनी महिन्याला एक पत्र हाताने लिहायचं, अशी शिस्त होती. अकरा वर्षांच्या नातीने या महिन्याचं पत्र आजोबांना लिहिलं होतं.

फेटा जेवत नाही, अशी त्यात तक्रार होती. फेटा म्हणजे तिचा शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. डोक्यावर उंच तुरा, म्हणून हे नाव. खोली दिवसरात्र अठ्ठावीस अंशांवर असते, तो घाबरू नये म्हणून ती दिवेही विझवत नाही, तरी तो काळपट होऊन एकाच फांदीवर बसतो. वसाहतीतले डॉक्टरकाका त्याला पुढच्या यानाने पृथ्वीवर परत पाठवणार आहेत. ‘तो वाटेतच मरेल ना, आजोबा?’

फेटा का जेवत नाही, याचा अनंतरावांना पुसट अंदाज आला होता, आणि तोच त्यांना नको होता. वसाहतीतल्या खोल्यांचा थर्मोस्टॅट (तापमान एका आकड्यावर धरून ठेवणारं उपकरण) त्यांनीच आखला होता. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात अर्ध्या अंशाचाही फरक नाही! त्यासाठी त्यांचा सत्कार झाला होता. आणि फोनवर बोलावं, तर चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागत. तेवढ्यात या भिडस्त माणसाचा धीर सुटे.

“नाना, हा सतरावा कागद फाडलात,” घरचा यंत्रमानव गोप्या म्हणाला. “आता भिंतीवर लिहिणार का?”

अनंतराव परसात जाऊन बसले. सकाळच्या आकाशात फिकट चंद्र अजून होता. तिथे कुठेतरी चार्वी शाळेची तयारी करत असेल. या उतारवयात अनंतरावांना यानात बसायची परवानगी नव्हती.

परसाच्या दगडी गडग्यावर एक बागसरडा उन्हाला कूस देऊन बसला होता, गडद रंगाचा. गडद अंग ऊब लवकर शोषतं. थोड्या वेळाने तो उजळला आणि करवंदीखाली शिरला. मग परत दगडावर. गोप्याच्या डोळ्यांना उष्णता मोजता येई. त्याने सांगितलं, दगड छत्तीस अंश, करवंदीखाली पंचवीस. दुपारपर्यंत सरड्याने नऊ खेपा केल्या.

“केवढी ही वणवण!” गोप्या म्हणाला. “याला एक बरी जागा का मिळत नाही?”

“एक जागा पुरत नाही त्याला,” अनंतराव हळूच म्हणाले. “आपलं शरीर अन्नातून स्वतःची ऊब तयार करतं. सरड्याला ती बाहेरून घ्यावी लागते. पचनाला जास्त, विश्रांतीला कमी. त्याचा थर्मोस्टॅट त्याच्या पायांत असतो, गोप्या.”

“मग फेट्याने कुठे चालत जायचं?”

अनंतराव कागदांकडे जायला उठले. “कुठेच नाही. मी जागाच ठेवली नाही.”

अठराव्या कागदावर त्यांनी पहिली ओळ लिहिली: ‘चार्वी, चूक तुझी नाही, माझी आहे.’ मग एकेक गोष्ट समजावली. खोलीचा आकडा चोवीसवर आण. एका कोपऱ्यात, तो पोळू नये म्हणून जाळीआड, उष्ण दिवा लाव. दिव्याखालची फांदी तीस अंशांपर्यंत तापू दे. दुसऱ्या कोपऱ्यात कुंड्यांची दाट सावली कर. अतिनील किरणांचा (सूर्यप्रकाशाचा डोळ्यांना न दिसणारा भाग) दिवाही हवा. त्याशिवाय त्याची हाडं मऊ पडतात. बारा तास उजेड, मग सगळे दिवे बंद. अंधारात आकडा आणखी उतरवून खोली अठरा-वीस अंशांपर्यंत निवू दे. त्याला अंधाराची भीती नाही, गरज आहे. डॉक्टरकाकांना सांग, महिनाभर थांबा.

वसाहतीच्या कार्यालयालाही लिहितो आहे, असं त्यांनी कळवलं. पुढच्या खोल्यांत ऊन आणि सावली दोन्ही ठेवता येतील. माणसांनाही बरं वाटेल.

पत्र संपलं होतं. तरी लेखणी रेंगाळली, आणि खाली बारीक अक्षरात उमटलं: ‘तुझी फार आठवण येते.’ ते खोडावं की काय, असं त्यांना वाटलं. खोडलं नाही.

चांद्रडाक संध्याकाळी निघून तीन दिवसांत पोहोचणार होती, फेट्याचं यान सहा दिवसांनी सुटणार होतं. गोप्याला एकट्याला न पाठवता अनंतराव त्याच्यासोबत स्वतः टपाल कचेरीत गेले. पेटीपाशी येऊन त्यांनी पाकीट पुन्हा उलटंसुलटं पाहिलं.

“सोडा, नाना,” गोप्या म्हणाला.

त्यांनी सोडलं.