सात नंबरचं झाड

या किल्ल्या, हा बॅटऱ्यांचा खोका, ही मेमरी कार्डांची डबी आणि हा नकाशा. उद्या सकाळी सही केलीत की सगळं तुमच्या ताब्यात, या घरासकट. चहा घ्या, निवतोय. वीज इथे मर्जीने येते नि मर्जीने जाते, म्हणून कंदील टेबलावरच ठेवायचा. आणि मी जरा हळू बोलतोय त्याचं काही वाटून घेऊ नका, मुलं आतल्या खोलीत आहेत.

काम तसं अवघड नाही. डोंगराच्या या अंगाला बारा कॅमेरे आहेत, झाडांच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर पट्ट्याने आवळलेले. समोरून जनावर गेलं की फोटो आपोआप निघतो. पंधरा दिवसांनी फेरी मारायची, कार्ड आणि बॅटरी बदलायची, घरी येऊन कोण कोण फिरकलं ते वहीत लिहायचं. बिबट्या दिसला की वरचे साहेब खूष, नाही दिसला तरी पगार चालू.

एक गोष्ट मात्र कागदावर नाही, ती मी सांगतो. कॅमेरा बांधला की चाचणी घ्यावी लागते. जनावर ज्या उंचीने जाईल त्याच उंचीने कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून रांगत जायचं. लाल दिवा लुकलुकला म्हणजे कॅमेऱ्याने हेरलं, काम झालं. ही चाचणी स्वतः रांगून घ्या. गुडघे फुटले तरी चालेल.

मी ती माझ्या मुलीकडून करून घेत होतो.

आम्ही तिला ठकी म्हणतो. तेव्हा पाच वर्षांची होती. उंची अगदी बेताची, रांगायला लागली की बिबट्याच्या खांद्याला येईल एवढी. तिचा दादा दहा वर्षांचा, त्याला असल्या कामाची लाज वाटायची. ठकीला कसली लाज! दर दुसऱ्या रविवारी खाऊचा डबा घेऊन आम्ही चौघं घराजवळच्या कॅमेऱ्यांची फेरी करायचो. बायको खाली वस्तीतल्या शाळेत शिकवते, तिलाही तेवढीच मोकळी हवा. ठकी प्रत्येक झाडासमोर गुरगुरत रांगायची, तीन फेऱ्या मारायची आणि मान वर न करता विचारायची, "बाबा, दिसले का मी?" मी म्हणायचो, "दिसलीस!" सात नंबरचं झाड फेरीतलं शेवटचं. तिथे मी म्हणायचो, "दिसलीस! चल घरी." मग ती उठून धावत यायची आणि माझ्या पाठीवर बसायची. मलाही सोपं, तिलाही मजा. बाप म्हणून मी स्वतःवर भलताच खूष होतो.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही कार्डं घेऊन दुपारी परत आलो. धुकं सकाळपासून हटलं नव्हतं. जेवणं झाली, नेहमीप्रमाणे चौघं लॅपटॉपसमोर बसलो. जनावर आधी ओळखेल त्याने दुसऱ्याच्या पाठीत एक धपाटा घालायचा, असा पोरांचा खेळ. ससा, साळिंदर, रानडुकरांची पलटण, धपाट्यांचा आवाज... आणि मग सात नंबरचं कार्ड.

पहिल्या फोटोत ठकी, चाचणीची. नंतर आम्ही निघतानाचे पाय. मग तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी काहीतरी चार पायांवर, पाठमोरं.

"माकड!" दादा ओरडला आणि त्याने ठकीच्या पाठीत धपाटा घातला.

मलाही माकडच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते पुन्हा होतं, आणि आता त्याचे गुडघे जमिनीला टेकले होते. माकड गुडघे टेकून चालत नाही हो. तळवे पसरलेले, मान खाली. अंधुक उजेडात हे कॅमेरे काळेपांढरे फोटो काढतात, त्यामुळे अंगावर काय आहे ते कळत नव्हतं. काहीतरी होतं, स्वेटरसारखं.

"अहो, तारीख चुकली असेल," बायको म्हणाली. "हे आपल्या ठकीचेच फोटो."

मी तारखा पुन्हा पाहिल्या. त्या बरोबर होत्या. पुढचे सहा दिवस ते रोज आलं होतं. रोज थोडं नीट. आधी एक फेरी, मग दोन, मग तीन. ठकी जिथे वळते तिथेच वळायचं. एका फोटोत बिबट्याही होता, आमचा नेहमीचा मोठा नर. तो कान पाडून, पोट जमिनीला लावून मागे सरकत होता. एवढ्या वर्षांत मी त्याला कुणापुढे मागे सरताना पाहिलं नव्हतं.

शेवटच्या फोटोत ते कॅमेऱ्याला अगदी चिकटून होतं. चेहरा इतका जवळ की काही धड दिसेना. फक्त तोंड उघडलेलं.

ठकी एकटी शांत होती. ती म्हणाली, "ती विचारतेय, दिसले का मी?"

"कोण ती?" बायकोने विचारलं.

"मला काय माहीत..." ठकीने खांदे उडवले. "पण आता छान रांगते ना?"

मी घाईने लॅपटॉप मिटला. पण मी बाप, आणि त्यातून सरकारी नोकर. दोघांनाही घाबरता येत नाही. मी म्हणालो, "कुणाचं तरी पोर असेल." सगळ्यात जवळची वस्ती तासाभराच्या उतारावर आहे, हे मला माहीत होतं, बायकोलाही माहीत होतं.

"पोर असलं तर?" बायको म्हणाली. "आणि तो बिबट्या तिथेच फिरतोय. अहो, जाऊन बघून या ना. माझ्याच्याने बसवत नाही."

चार वाजले होते. ठकी मागे लागली, "मी पण येणार, चाचणी कोण घेणार?" मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतक्या जोराने कधी ओरडलो नव्हतो. तिने ओठ काढला आणि दाराआड जाऊन उभी राहिली. मी काठी घेऊन निघालो.

सात नंबर इथून पंधरा मिनिटांवर आहे. धुक्यात मला अर्धा तास लागला. ओल्या मातीचा वास येत होता आणि त्यात आणखी एक वास, दुधाचा. बंद खोलीत तान्हं मूल झोपलेलं असलं की येतो, तसा. पाखरांचा आवाज नाही, पानाचा नाही. मी चार हाका मारल्या, "कुणी आहे का?" उत्तर आलं नाही. ठरवलं की कॅमेराच उतरवून न्यायचा. झाडापाशी वाकलो आणि पट्टा सोडायला लागलो. थंडीने बोटं आखडली होती, कडी सुटता सुटेना.

समोर पाचोळा हलला. थप... थप... तळहात टेकल्यासारखा आवाज.

माझ्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, लाल दिवा लुकलुकला.

"बाबा... दिसले का मी?"

आता मी काय बोललो ते नीट ऐका, कारण ही चूक माझ्याशिवाय आणखी कुणी करू नये. शंभर वेळा दिलेलं उत्तर होतं. हात पट्ट्यात, लक्ष कडीत, आणि तोंड आपलं बोलून गेलं, "दिसलीस! चल घरी."

बोललो आणि मग उमगलं की मी कुणाला बोललो.

मी पळालो. काठी तिथेच, कॅमेरा तिथेच. मागे पाचोळा वाजत होता. हाका आल्या. दोन हाका, "बाबा!" आणि थोड्या वेळाने "बाबा!" एक जवळून, एक बरीच लांबून. डोंगरात आवाज घुमतो, तसाच घुमला असेल असं तेव्हा वाटलं. खरं सांगू? काही वाटलं नाही. मी कानांवर हात ठेवून पळत होतो.

अंगणात आलो तेव्हा बायको दारात उभी होती. माझा अवतार बघून ती हसलीसुद्धा. मग तिने माझ्या पाठीमागे पाहिलं.

"ठकी कुठंय?"

"म्हणजे?"

"तुमच्या मागोमाग आली ना! बाबांना लाल दिवा कोण दाखवणार म्हणून दादाला सांगून पळाली. मी मागे दोरीवरचे कपडे काढत होते. मला वाटलं तुम्ही घेतलं असेल बरोबर... अहो, बोला ना! कुठंय ती?"

म्हणजे ती माझीच पोर होती. माझीच पोर मला हाका मारत होती आणि मी तिला धुक्यात, बिबट्याच्या वाटेवर टाकून आलो होतो. त्या क्षणी मला भुताखेताची भीती उरली नाही. भीती एकच, ती मिळेल की नाही.

दादाला आत कोंडून आम्ही दोघं टॉर्च घेऊन धावलो. बायको वाटेने एकसारखी हाका मारत होती, "ठके! ए ठके! बाळा!" अंधारून आलं होतं. सात नंबरच्या झाडाखाली टॉर्चच्या उजेडात लाल स्वेटर दिसला. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती, मांडीवर हात ठेवून. शहाण्या मुलीसारखी.

"ठके!"

ती वळली. चेहऱ्यावर रडल्याची खूण नाही. म्हणाली, "चल घरी म्हणालात ना?"

माझ्या जिवात जीव आला. मी गुडघ्यावर बसून तिथेच रडलो. बायकोने तिला उचलून छातीशी धरलं, पटापट मुके घेतले, तिच्या मानेत नाक खुपसलं. आणि थांबली. दोन श्वासांएवढीच थांबली असेल. मग तिने झाडीकडे पाहिलं. मी म्हणालो, "चल, अंधार झाला." ती निघाली, पण घरापर्यंत मागे वळून बघत होती.

त्यानंतर काहीही झालेलं नाही, तुमची शपथ. सात नंबरचा कॅमेरा मी दुसऱ्याच दिवशी माणसं नेऊन काढला. ठकी आता शाळेत जाते. पानातलं सगळं संपवते, हट्ट करत नाही, आजारी पडत नाही. बाई म्हणतात, सगळी मुलं अशी हवीत. फक्त दादा तिच्याशी भांडत नाही. पूर्वी दिवसातून दहा वेळा झिंज्या ओढायचे एकमेकांच्या. आता तिला आधी वाढा म्हणतो, स्वतःची पेन्सिल न मागता देतो, पाहुण्यांच्या मुलीशी वागावं तसं. महिन्याभरातच त्याने आपली गादी आमच्या खोलीत आणली. का, ते मी विचारलं नाही. उत्तर दिलं असतं तर मी काय करणार होतो?

बदलीचा अर्ज मीच केला. ऑर्डर आली तेव्हा पेढे वाटावेत इतका आनंद झाला मला. बायकोने कागद वाचला, घडी करून माझ्या हातात दिला.

"तुम्ही या दोघांना घेऊन जा," ती म्हणाली. "मी इथेच राहते."

"अगं, वेड लागलंय का? मुलं तुझ्याशिवाय कशी राहतील? ठकी कशी राहील?"

तिने मागच्या दारातून रानाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "तिच्यासाठीच राहतेय."

मी आत पाहिलं. ठकी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर करून आमच्याकडे बघून हसून दाखवलं.

भांडलो, समजावलं, हातापाया पडलो. ती ऐकत नाही. तेव्हा एक विनंती आहे. घर तुमचं आहे, पण मागची खोली तिला राहू द्या. ती तुम्हाला त्रास देणार नाही, शाळेत जाईल, संध्याकाळी परत येईल. अंधार पडताना मागच्या पायरीवर दुधाचा एक पेला ठेवेल. तो उचलू नका. रानमांजर पितं असेल, असं मीही बरेच दिवस म्हणत होतो. सकाळी पेला रिकामा असतो, त्यात काही नवल नाही. पण तो पायरीजवळच्या नळाखाली विसळलेला असतो, आणि भिंतीकडेला पालथा घातलेला.

त्या नळाची तोटी फार घट्ट आहे. लहान हातांना फिरत नाही. म्हणून बायको ती रात्रीची थोडी सैल सोडून ठेवते. अंथरुणावर पडलात की थेंबांचा आवाज येत राहील. उठून बंद करू नका.