आठवा बोल्ट

दिवा जरा बारीक करा रे. ही गोष्ट तवनाप्पा फिटरची. तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. सांगताना काही चुकलंच तर ते माझं समजा, त्याचं नाही.

एकवीस एप्रिल १९७६, बुधवार. इस्लामपूरच्या पलीकडे, कृष्णाकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, तो रात्री नऊला व्हॉल्व्ह दुरुस्त करायला गेला. पंप थांबला की टेकडीवर चढलेलं पाणी मागं येऊ नये म्हणून नळात बसवतात, तो व्हॉल्व्ह. जुना असे जाडजूड. त्याला स्वतःचे फ्लँज, म्हणजे कडेच्या भोकं पाडलेल्या चकत्या, आणि दोन्ही बाजूंना वेगळे बोल्ट. पंपाकडचे काढले तरी तो वरच्या नळाला धरून राही. नवा भाकरीसारखा चपटा. दोन नळांच्या फ्लँजमध्ये सरकवायचा आणि आठ लांब बोल्टांनी सगळं एकत्र आवळायचं.

तवनाप्पाचे उस्ताद केरबातात्या. आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर ते तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट टेकवत, एकही चुकू नये म्हणून. आदल्या वर्षी जुन्या सवयीनं, वरचा नळ रिकामा न करताच, त्यांनी नव्या व्हॉल्व्हचे बोल्ट काढले. टेकडीवरचं सगळं पाणी अंगावर आलं, त्यातच ते गेले. तेव्हापासून रात्री खाली पाना वाजतो, असं लोक म्हणत. सकाळी देवऋषी येऊन तात्यांचं भूत बाभळीला खिळवणार होता.

"आज नगं रं उतरू," पंपावरचा नाथाजी म्हणाला.

"मी धड वर आलो तर तात्यांना खिळा मारायचा न्हाई. हाय कबूल?"

"आन न्हाई आलास तर?"

"तर दोन खिळं आण."

खाली गेल्यावर त्यानं वरच्या नळाचा निचऱ्याचा कॉक उघडला. पाणी वाहिलं, मंदावलं, थांबलं. नळ रिकामा झाला, असं त्याला वाटलं. पहिला नट सैल केला. दुसरा केला. तिसऱ्याला पाना लावला, तर पहिला पुन्हा घट्ट.

परत सैल केला. परत घट्ट. असं करता करता मध्यरात्र उलटली.

नळाच्या पलीकडून आवाज आला. टक्.

कंदिलाची वात हलली नाही.

"तात्या?"

"आवं, जित्तेपणी लय शिकवलंत. आता हात काढा!"

टक्.

"मी भीत न्हाई तुमाला!"

आवाज विहिरीत घुमला. तो हटला नाही. पण थांबला. तात्या उगाच हात धरत नसत. कधीच नाही.

त्यानं तार घेतली. कॉकमध्ये खुपसली.

गाळाचा बोळा सुटला. आणि पाणी...

अर्धा तास थांबलं नाही.

मग नट मुकाट्यानं फिरले. त्यानं व्हॉल्व्हला नवं रबर घातलं, तो मधे सरकवला, आठही बोल्ट आवळले. तांबडं फुटलं होतं.

"वर ये रं! देवऋषी आलाय!" नाथाजी वरून ओरडला.

"परत धाड त्याला! खिळ्यासकट!"

निघताना त्यानं कंदील जवळ नेला. सात बोल्टांवर चुन्याचे ठिपके होते. ओले. तवनाप्पा जन्मात तंबाखूला शिवला नव्हता.

आठवा कोरा होता. त्यानं पाना लावला...

नट अजून अर्धा फेरा आवळला गेला.