हातच तर होता

अगं, एक विचारू? तुमच्या घरात असा एखादा फोटो आहे का, ज्यात एखाद्या माणसाचा नुसता हातच आलाय? असेल तर आधी घरी जाऊन तो कपाटात ठेव आणि किल्ली कमरेला लाव. नाही म्हणतेस? मग बस. तो दिवा जरा इकडे सरकव. माझा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे आवाज चढला तर मनावर घेऊ नकोस.

माझ्या चष्म्याची काडी मोडली होती, ती बसवून घ्यायला बाजारात निघाले होते. मुलगा म्हणाला, शेजारीच फोटोचं दुकान आहे, आपला जुना फोटो मोठा करायला टाकलाय, येताना घेऊन ये, तुझ्यासाठीच केलाय. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. कुठला फोटो ते मी विचारलंसुद्धा नाही. घरात माझ्या जिवाचा असा एकच होता. मी खुर्चीत बसलेली, मांडीवर हाच मुलगा, तेव्हा तान्हा. अंगावर ही शाल, आत्ता आहे तीच. शालीचं टोक माझ्या डाव्या बाजूला ताणलेलं, आणि फोटोच्या अगदी कडेला ते धरलेली एक इवलीशी मूठ. ती मूठ म्हणजे माझी थोरली.

सारखी मला धरून असायची म्हणून सगळे तिला चिकटी म्हणत. घरात कुणी परकं आलं की माझ्यामागे दडायची आणि शालीला दोन हिसके द्यायची. दोन हिसके म्हणजे ‘आई, नको’. त्या वेळी फोटोवाला घरी यायचा, तीन पायांवर कॅमेरा उभा करून काळ्या कापडात डोकं घालायचा. बिनडोक्याचा माणूस बघून ही जी खुर्चीमागे गेली, ती काही केल्या पुढे येईना. फोटो काढणं ही काय रोजची गोष्ट होती? पुढच्या वेळी हिचा एकटीचा काढू म्हणालो. त्याआधीच तापात गेली.

दुकानदाराने कागद सोडला. फोटो चांगला टेबलाएवढा. माझा चेहरा धुतल्यासारखा, मागच्या भिंतीचे पोपडे गेलेले. आणि कडेला जिथे मूठ होती, तिथेही भिंत. कोरी. माझी शाल मात्र तशीच ताणलेली, हवेत. धरणारं कुणी नाही.

तो आपला कौतुकाने सांगत होता. कोपऱ्यात कुणाचा तरी हात मध्येच आला होता आजी, मशीन असलं काही राहू देत नाही, आपोआप पुसून टाकतं. आधीचं काही ठेवलंय का विचारलं, तर म्हणाला, जागा अडते.

घरी येऊन मूळ फोटो मागितला. सूनबाई म्हणाली, तो जुना अल्बम ना, त्याच्या धुळीने शिंका येत होत्या, सगळं फोनमध्ये घेऊन मग रद्दीत दिला. आणि फोनमध्ये होता तो हाच, दुकानातून आलेला; हा चांगला आला म्हणून आधीचा तिने काढून टाकला होता. बाकीचे ढीगभर होते. ताटातल्या जेवणाचे, बुटांचे, मांजराचे. आज काय आठवायचं तेसुद्धा हल्ली फोनच रोज सकाळी त्यांना सांगतो.

मुलगा म्हणाला, “आई, हातच तर होता.”

मी या मुलाला जन्मात कधी मारलं नाही. त्या वेळी स्वतःचीच मनगटं धरून उभी राहिले. म्हटलं, “तुझी बहीण होती ती.”

त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटलं की हल्लीची माणसं फोन काढतात. हात कुठल्या बाजूला होता विचारलं. मी म्हटलं, डाव्या. त्याने काहीतरी लिहिलं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत हात आला. गुबगुबीत, गुळगुळीत, नखं असून नसल्यासारखी. शालीचं दुसरं टोक घट्ट धरलेलं. कारण मी म्हणत होते ती माझी डावी, आणि त्याने धरली फोटो बघणाऱ्याची. म्हटलं, हे कुणाचं पोर माझ्या अंगाला आणून चिकटवलंस? तर तो म्हणे, कुणाचंच नाही आई, मशीनने बनवलंय. दुसऱ्या दिवशी तसाच फोटो करून आणून माझ्या खुर्चीच्या वर टांगला. सूनबाई म्हणाली, उलट आता दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

त्याच संध्याकाळी सगळी बाहेर गेली होती. मी खुर्चीत बसले होते. उजेड गेला तरी दिवा लावायला उठले नाही, रागाने अंग जड झालं होतं. बाहेरचा रस्ताही गप्प होता. आणि शाल डाव्या बाजूला हलकेच ताणली गेली. जराशीच. मुठीत धरून ठेवल्यासारखी.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला विश्वासाने धरलं होतं. मी मान वळवली नाही. म्हटलं, “आलीस चिकटे… बस अशीच.”

मग वास आला. दुकानातून आणलेल्या नव्या फोटोला होता तो, तापलेल्या प्लास्टिकसारखा. उजव्या बाजूने येत होता. आणि तिकडचं टोकही खाली जाऊ लागलं… सावकाश, एकसारखं. त्या ओढीत लहान मुलाचा चाळा नव्हता. दम घेणं नव्हतं. शाल गळ्याशी आवळत चालली…

डावीकडून दोन हिसके आले. ‘आई, नको.’

मग माझा राग उसळला. तिला पुसलं ते पुसलं, वर तिच्या जागी हे. मी त्या अंधाराला म्हणाले, “तुला मी बोलावलेलं नाही… ज्याने बोलावलं, त्याच्याकडे जा.”

उजवीकडची शाल एकदम सैल पडली. वासही गेला. मी श्वास सोडला, तोच डावीकडून पुन्हा दोन हिसके आले, पहिल्यापेक्षा जोरात. मग पुन्हा दोन. मला वाटलं, पोर अजून घाबरलेली आहे. मी नुसतं “गेलं, गेलं” म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर निघाला. दारात पायात बूट घालताना त्याच्या सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून खाली ताणलेली होती, शिवण उसवेल इतकी. मागे न बघता तो म्हणाला, “आई, सोड ना, उशीर होतोय.” मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या खुर्चीत बसले होते आणि माझ्या दोन्ही हातांत चहाचा कप होता.