पोटात कापूस भरलेली गिटार

विशाखा त्या दिवशी रुपचंदनानांबरोबर जळगावला आली होती ती त्यांच्या हार्मोनियमचा फाटलेला भाता दुरुस्त करून घ्यायला. गिटार बघायला नव्हे, आणि गिटारीच्या मालकाला बघायला तर मुळीच नव्हे.

रुपचंदनाना म्हणजे तिचे चुलते. धुळ्यात त्यांची भीमगीतांची पार्टी होती आणि पार्टीत विशाखा गिटार वाजवायची. मुलगी गिटार वाजवते म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग ऐकत बसायचे. पण तिच्या गिटारीची मान वाकली होती, ती काही केल्या सुरात राहीना. जयंतीच्या आत दुसरी मिळाली नाही, तर दोंडाईच्याचा कीबोर्डवाला तिच्या जागी बसणार, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. 

आणि दुकानात पाऊल टाकताच ती भिंतीवर दिसली... डाळिंबी रंगाची, लाईटवर वाजणारी, पण अंगाने पोकळ. दोन्ही कुशींना मुद्दाम कोरलेल्या नागमोडी चिरा.

"विकायची आहे का ही?"

कुणाच्या तरी पेटीच्या भात्यावर वाकलेल्या तरुणाने मान वर केली. हिलाल त्याचं नाव. दुकान त्याचंच.

"घेणारं माणूस बघून ठरवतो," तो म्हणाला.

"मग बघा नीट," विशाखा म्हणून गेली, आणि तिचे तिलाच गाल गरम लागले.

हिलालने गिटार खाली काढली. ऑर्केस्ट्रात तो स्वतः ही वाजवायचा. ऑर्केस्ट्रा मोडला आणि हिची वाचा गेली, असं त्याने सांगितलं. विशाखाने एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. मान सरळ होती. एकेका पडद्यावर तार दाबून पाहिली, कुठे झिरझिर नाही. खुंट्याही घट्ट. हिलाल गिटारीकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त बघत होता, हे तिला न बघताही कळत होतं. मग तिने गिटारीच्या पोटावर टकटक केलं. आवाज दबका आला.

"पोटभर जेवलीय ती," हिलाल म्हणाला.

विशाखा हसली नाही. मागची गिटार घेताना एकाने रंगाखाली तडा लपवून तिला चांगलंच फसवलं होतं. तिने चिरेतून आत डोकावलं. आत कापूस!

"काय झाकलंय याच्यामागे?"

उत्तराची वाट न बघता तिने केसांतला आकडा काढला. एक बट कपाळावर घसरली. हिलाल काही सांगायला गेला... आणि थांबला. "काढा," तो हळूच म्हणाला. "खात्री झाल्याशिवाय घेऊ नका."

ती आकड्याने बोळे ओढत राहिली. डोक्यावर पंखा गरगरत होता. कापूस उडून दारातून रस्त्यावर गेला, थोडा तिच्या केसांत अडकला. आत मात्र ना तडा, ना भेग. लाकूड स्वच्छ होतं.

हिलालने वायर जोडली, आवाज कार्यक्रमाला असतो तेवढा वाढवला. विशाखाने तार छेडायचा अवकाश, गिटारीने अशी किंकाळी फोडली की दारातल्या बाकावर बसलेले नाना उठलेच.

"पोरी, हाई वाजस का रडस? चाल, येष्टी चुकी जाई."

विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं. हिलालने खालच्या आवाजात समजावलं, की पोकळ अंग स्पीकरचा आवाज पकडतं आणि ओरडायला लागतं, म्हणून तर तो कापूस होता.

"आधी का नाही सांगितलं?"

"विकणाऱ्याचं कोण खरं मानतं?"

त्यात टोमणा नव्हता. तिला तेच जास्त लागलं. हिलालने नानांना जरा थांबायची विनंती केली, बसायची स्वतःची गादी ओढली, कात्रीने उसवली आणि ओंजळभर कापूस तिच्यापुढे धरला.

"भरा. आकडा तुमच्याकडेच आहे."

दोघं मिळून भरू लागले. त्या अरुंद चिरेपाशी बोटाला बोट लागायचं, दोघंही थबकायचे, आणि पुन्हा अगदी कामाचं तोंड करून कापूस ढकलायचे. आपल्या चुकीपायी या माणसाने बसायची गादी फाडली, आणि वर एक बोलही लावला नाही — विशाखाचं मन भरून आलं.

पुन्हा तेवढ्याच आवाजावर तिने सूर लावला. गोल, ऊबदार, ओरडण्याचं नाव नाही. नाना डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बठ्ठं सोडीसन हाईच ली ले." सगळं सोडून हीच घे, हा नानांचा निकाल होता.

जयंतीच्या संध्याकाळी धुळ्यात विशाखा तिच्या जागेवर बसली. गिटार एकदाही ओरडली नाही. शेवटचं गीत संपलं तेव्हा तिला स्पीकरजवळ हिलाल उभा दिसला. ती गिटार घेऊनच खाली उतरली.

"तुम्ही... इकडे?"

"हा दुकानात राहिला होता," त्याने खिशातून तिचा आकडा काढला. "म्हटलं, देऊन यावा."

"एवढ्यासाठी जळगावहून?"

हिलालने आकडा नुसता पुढे धरला. विशाखा तो न घेताच म्हणाली, "आज मी इथे बसले ती तुमच्यामुळे. मी तुम्हाला खोटं समजले, आणि तुम्ही गादी फाडलीत. मी ते विसरणार नाही."

"उपकार फेडताय की काय?"

"नाही. फेडले की येणं-जाणं संपतं," ती म्हणाली. गिटारीचा पट्टा उगाचच सारखा केला. "कापूस दबला की परत भरावा लागेल ना? आकडा तुमच्याकडेच राहू द्या."

"पुढच्या खेपेला लागेल म्हणून?"

विशाखाने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"दर खेपेला."

हिलालने आकडा परत खिशात ठेवला.