दर तासाचं तळं

धरणाच्या भिंतीशी पोरगी सापडली ती कमरेच्या दोरासकट. पाण्यात उतरणाऱ्यानं दोर भिंतीच्या कडीला बांधायचा, हा तळ्यातल्या शेवाळावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या प्रयोगशाळेचा नियम. दोर शाबूत, गाठ पक्की, आणि पट्टीची पोहणारी पोर बुडालेली! इन्स्पेक्टर बाईंचं डोकं तिथेच ठणकायला लागलं.

"छातीत नुसता हिरवा लगदा," डॉक्टर म्हणाले. "शेवाळाच्या पाण्यातच बुडाली. वेळ मात्र विचारू नका, रात्रभर पाण्यात होती."

प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणजे पोरीचा सख्खा मामा. बिनबापाच्या भाचीला त्यानंच पोहायला शिकवलं, त्यानंच नोकरीला लावलं. पोरीची आई कोपऱ्यात दगडासारखी बसली होती.

"जीवच दिला असेल हो," मामा बहिणीसमोरच म्हणाला. "हल्ली गप्प गप्प असायची."

पोर आपल्याला सोडून मुद्दाम गेली, हे काही आईच्या गळी उतरेना.

"शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"काल सकाळी. दुपारी चारला भिंतीशी पाण्याचे नमुने घ्यायला उतरते म्हणाली. मी बारापासून शहरात, बैठकीत. शंभर साक्षीदार आहेत."

"चारला तिथे शेवाळ होतं?"

"म्हणजे काय! आठवडाभर भिंतीशी हिरवंगार आहे. उपग्रहाचा रोजचा सकाळचा फोटो बघा ना. तीस वर्षं तेच तर करतोय."

बाईंनी भाचीचा लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"तुमचा उपग्रह दिवसातून एकदा डोकावतो. पोरगी नव्या उपग्रहाचे फोटो घ्यायची, तासातासाला. हे कालचे बघा. सकाळी भिंतीशी हिरवं. बाराच्या आतच वारा सुटला, शेवाळ गेलं पलीकडच्या काठाला. चारला भिंतीशी पाणी स्वच्छ, ते थेट अंधार पडेपर्यंत. मग दोरानं बांधलेली पोरगी पलीकडे जाऊन हिरवं पाणी प्यायली का हो? ती सकाळीच बुडाली. आणि सकाळी तिथे तुम्ही होतात."

मामा लॅपटॉप मिटायला गेला. बाईंनी हात आडवा घातला.

"एका फोटोवरून तुम्ही अख्ख्या दिवसाचं तळं सांगत आलात. पोरीनं ते चुकीचं ठरवलं, होय ना?"

"माझ्याच भाचीनं माझं हसं करायचं?" तो ओरडला. "वर म्हणते कशी, मामा, तूच सांग सगळ्यांना, मी तुझ्यामागे उभी राहते!"

आई उठून त्याच्यासमोर आली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"तूच शिकवलंस तिला पोहायला. सहजासहजी बुडायची नाही ती. किती वेळ दाबून धरलंस रे, दादा?"

मामानं कपाळावरचा घाम पुसला.

"घड्याळ कुठे बघितलं मी," तो म्हणाला.