ओटो आजोबांची बोली

१९८४ सालची गोष्ट. डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या एका हॉस्पिटलात सुमेधा फिजिओथेरपिस्ट होती. एका दुपारी ती घाईघाईत लिफ्टमध्ये शिरली आणि गिटारच्या भल्यामोठ्या पेटीवर आदळली.

"सॉरी... लागलं का?" पेटीमागचा उंच तरुण म्हणाला.

"नाही. पण ही पेशंट कुठल्या वॉर्डची?"

तो हसला, पण थकल्यासारखा.

कार्ल त्याचं नाव. सुमेधाच्याच पेशंटचा, ओटो आजोबांचा नातू. पक्षाघातानंतर आजोबांचं इंग्रजी पुसलं गेलं होतं. उरली होती ती टेक्सासमधल्या जर्मन शेतकऱ्यांची जुनी बोली. कार्लचा रॉक बँड त्याच बोलीत गायचा.

"ऐकतं कोण?" सुमेधानं विचारलं.

"म्हातारी माणसं. जर्मनीहून आलेले लोक हसतात. ही कसली जर्मन, म्हणतात..."

सुमेधा म्हणाली, "मी अकोल्याची. माझ्या वऱ्हाडीला पुण्याच्या मैत्रिणी अशाच हसायच्या. मी ती बोलणंच सोडलं."

"मग आजोबांशी वऱ्हाडीत बोल ना. त्यांना इंग्रजी तरी कुठं कळतं?"

दुसऱ्या दिवसापासून ती म्हणू लागली, "उठा जी आबाजी, एक पाऊल टाका बरं." आजोबा तिच्या आवाजामागून पाऊल टाकत. कार्ल दारातून बघत राही. तिनं वर पाहिलं, की त्याची नजर खाली...

ऑक्टोबरात अकोल्याहून वडिलांचं पत्र आलं. ह्यूस्टनचा डॉक्टर मुलगा, होकार कळव. त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या हिरवळीवर, दुपारी चार वाजता, कार्लचा बँड आजोबांसाठी वाजला. नांगरणीच्या गाण्याला आजोबांचे ओठ हलले. मग आवाज फुटला. कार्लला पुढं गाताच येईना. उरलेलं कडवं आजोबांनी एकट्यानं पुरं केलं. व्हीलचेअर धरून उभी असलेली सुमेधा रडत होती.

नऊ दिवसांनी आजोबा गेले.

त्यांचे कपडे न्यायला कार्ल आला, तेव्हा सुमेधा रिकाम्या पलंगाजवळ उभी होती.

"आता इथं यायला मला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"बाबांनी माझ्यासाठी एक स्थळ पाहिलं होतं..." ती म्हणाली. "मी काल नकार कळवला."

"का?"

"आजोबांचं अर्धवट बोलणं तुला कळायचं, कार्ल. माझं एवढंही कळत नाही?"

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि हलकेच तिचा हात धरला. नवी चादर घेऊन आलेली नर्स दारातच थांबली. दोघांनाही ती दिसली नाही.